शहराचं अंगण

या सदरात आपण बहुतेक वेळा घराच्या आत राहूनच बोलतो. मुलांचा अभ्यास, सुनेचं माहेर, आजाऱ्याची सेवा, महिन्याचा खर्च. या वेळी वाचकांना उंबऱ्याबाहेर घेऊन जायचं आहे. माणूस बाहेर दमला की घरी येतो. पण घरात बसून दमलेल्या माणसानं जायचं कुठं? दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. एकाचा अभ्यास चालू असतो, दुसरा रात्रपाळी करून झोपलेला असतो, आणि दादींना नुसतं घटकाभर मोकळ्या हवेत बसायचं असतं. शहर त्या दादींना बसायला जागा देतं का? प्रश्न साधा आहे, पण तो जवळजवळ प्रत्येक घराचा आहे.

मराठीत 'चौक' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रस्त्यावरचा, जिथं चार वाटा मिळतात आणि सिग्नल असतो. दुसरा जुन्या वाड्यातला, चारी बाजूंनी सोपे आणि मध्ये उघडं आभाळ. पहिला चौक ओलांडायचा असतो, दुसऱ्यात बसायचं असतं. स्पेनची राजधानी माद्रिद इथं गेल्या उन्हाळ्यात आम्ही तीन आठवडे होतो. तिथं या दुसऱ्या अर्थाचे चौक आम्ही गावभर पाहिले. स्पॅनिश भाषेत त्यांना 'प्लाझा' म्हणतात. आपल्याकडे प्लाझा म्हटलं की टोलनाका नाही तर मॉल आठवतो. मूळ शब्द मात्र अशा मोकळ्या चौकाचाच आहे.

आमचा भाचा तिथं नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही दोघं आणि आमच्या अम्मी असे तिघं गेलो. अम्मींचं वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. घर जुन्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी वाटलं, अम्मींना इथं आणून आपण त्यांचे हालच करणार. तसं झालं नाही. अम्मी एका वेळी जेमतेम दहा मिनिटं चालतात, आणि माद्रिदच्या जुन्या भागात दहा मिनिटं चाललं की बहुधा एखादा प्लाझा लागतोच. आम्ही निघायचो लावापिएस या वस्तीतून. चढण चढून गेलं की तिर्सो दे मोलिना हा चौक. तिथं फुलांची दुकानं आहेत, बाक आहेत. थोडं बसायचं. पुढं प्लाझा मायोर. पुन्हा बसायचं. तिथून पुएर्ता देल सोल, म्हणजे शहराचा मध्यबिंदू. स्पेनमधल्या रस्त्यांचे किलोमीटर जिथून मोजतात तो शून्याचा दगड तिथल्या फुटपाथवर बसवलेला आहे. धडधाकट माणूस ही वाट वीस मिनिटांत कापतो. आम्हांला दीड तास लागायचा, पण अम्मी स्वतःच्या पायांनी जायच्या आणि हसत परत यायच्या.

माद्रिद हे काही निवांत गाव नाही. शहरात ३३ लाखांहून अधिक माणसं राहतात. मेट्रोत गर्दी, रस्त्यावर घाई, पर्यटकांचे लोंढे. समुद्र दूर, शहर सुमारे ६५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेलं, आणि उन्हाळ्यात पारा सहज ३५ अंशांच्या वर चढतो. घरं बहुतेक इमारतींमधले फ्लॅट, जुन्या भागात तर अगदी लहान. गच्ची नाही, अंगण नाही. अशा शहरात विसावा घरात मावत नाही, म्हणून तो चौकात येतो.

त्याचं वेळापत्रकही ठरलेलं आहे. सकाळी म्हातारी माणसं वर्तमानपत्र घेऊन येतात. दुपारी तीन-चारच्या उन्हात चौक ओस पडतो. शाळा सुटल्यावर मुलं दप्तरं बाकावर टाकून चेंडू खेळू लागतात आणि आया गोळा होतात. जूनच्या अखेरीला तिथं सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. मगरिबची वेळ होते तेव्हा आपल्याकडे लोक अंथरुणं घालत असतात. तिथं चौक भरायला लागलेला असतो. रात्री दहाला चार वर्षांचं पोर सायकल शिकतंय आणि त्याची आजी बाकावरून ओरडतेय, हे आम्ही रोज पाहिलं. रात्रीच्या गारव्यात असं बाहेर येऊन बसण्याला त्यांच्या भाषेत खास शब्दप्रयोग आहे, त्याचा अर्थ 'थंडावा घेणं'. खेडेगावांत तर बायका घरच्या खुर्च्या काढून दाराशी बसतात. हे ऐकून अम्मी म्हणाल्या, "मग यांच्यात आणि आपल्या ओट्यावर बसणाऱ्या बायांत फरक तो काय?"

चौकात बसावंसं का वाटतं, याची कारणं आम्ही बसल्या बसल्या मोजली. पहिलं कारण, आत गाडी येत नाही. मूल धावत सुटलं तरी आईला उठून मागं जावं लागत नाही. दुसरं, अरुंद गल्लीतून एकदम मोकळ्या जागेत आलं की छाती आपोआप भरून येते. तिसरं, सावली. कुठं झाडांची, कुठं इमारतींच्या खालच्या कमानींची. चौथं, पिण्याच्या पाण्याचा नळ. बाटली भरून घ्यायची, पैसे पडत नाहीत. पाचवं, चारी बाजूंच्या घरांच्या खिडक्या आणि बाल्कन्या चौकावर उघडतात. वरून कुणाची ना कुणाची नजर असते, त्यामुळे बाईमाणसाला रात्रीही धास्ती वाटत नाही. आणि सहावं कारण सगळ्यांत मोठं: बाक. पाठ टेकता येईल असा, आणि बसल्यावर कुणी "काय आणू?" असं न विचारणारा.

आता या शहराच्या जन्माकडे वळू, कारण त्याचा संबंध अंदलुसशी आहे. युरोपातल्या आजच्या मोठ्या राजधान्यांत मुस्लिम राज्यकर्त्यानं वसवलेली म्हणून माद्रिदची ओळख सांगितली जाते. कुर्तब्याचे अमीर मुहम्मद प्रथम यांनी नवव्या शतकात मान्सानारेस नदीच्या काठच्या टेकडीवर इथं किल्ला बांधला. त्या वस्तीचं अरबी नाव मजरीत. जुन्या तटाचा काही भाग राजवाड्याजवळ आजही उभा आहे आणि त्याला लागून असलेल्या छोट्या बागेला अमीर मुहम्मद यांचंच नाव दिलेलं आहे. दहाव्या शतकात या गावात जन्मलेले मस्लमा अल-मजरीती हे अंदलुसचे मोठे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या नावातलं 'मजरीती' म्हणजे माद्रिदकर.

'मजरीत' या नावाचा संबंध पाण्याच्या वाहत्या पाटाशी जोडतात. जमिनीखालून उतार देत दूरचं पाणी गावात आणायची कला मुस्लिम जगात चांगली रुजलेली होती. माद्रिदनं ती पुढं शेकडो वर्षं सांभाळली. १८५८ मध्ये डोंगरातून नव्या कालव्याचं पाणी आलं, तोवर शहराची तहान भागत होती ती मुख्यतः अशा भुयारी पाटांवर. हे पाणी बाहेर पडायचं कुठं? चौकातल्या कारंज्यांमध्ये. पाणके तिथं घागरी भरत आणि घरोघर पोचवत. मोलकरणी भरायला येत, नंबर लागेपर्यंत गप्पा होत. म्हणजे चौकात माणूस आधी पाण्यासाठी आला आणि बसायला नंतर शिकला. प्लाझा दे लोस कारोस या चौकाखाली उत्खननात इस्लामी काळातल्या अशा पाटाचे अवशेष सापडले आहेत. त्याच्या शेजारचा प्लाझा दे ला पाखा, म्हणजे पेंढ्याचा चौक, मध्ययुगात गावाचा मुख्य बाजार होता. आज तो उतारावरचा शांत चौक आहे. खालच्या टोकाला अठराव्या शतकातली भिंतीआडची बाग आहे, विटांच्या पायवाटा असलेली. अम्मींना ती इतकी आवडली की तीन वेळा जावं लागलं.

१०८५ च्या सुमारास गाव राजा अल्फोन्सो सहावा याच्या ताब्यात गेलं. मागं राहिलेल्या मुसलमानांचा मोहल्ला प्लाझा दे ला पाखाच्या जवळच होता. त्या भागातल्या एका रस्त्याचं नाव आजही 'मोरेरिया' आहे, म्हणजे मूर लोकांची वस्ती. पुढं १५६१ मध्ये राजा फेलिपे दुसरा यानं दरबार माद्रिदला हलवला आणि या मध्यम गावाची राजधानी झाली.

प्लाझा मायोर हा इथला सर्वांत प्रसिद्ध चौक. पूर्वी तिथं तटाबाहेरचा बाजार भरायचा. त्याचं जुनं नाव 'प्लाझा देल अराबाल'. यातला 'अराबाल' हा अरबी 'अर-रबद'वरून आलेला, अर्थ शहराबाहेरची वस्ती. राजा फेलिपे तिसरा याच्या काळात १६१७ ते १६१९ या वर्षांत वास्तुकार हुआन गोमेस दे मोरा यानं तो आखीव चौकोनी बांधला. १२९ मीटर लांब, ९४ मीटर रुंद. तीन वेळा मोठ्या आगी लागल्या: १६३१, १६७२ आणि १७९०. शेवटच्या आगीनंतर हुआन दे व्हियानुएव्हा यानं आजचं रूप दिलं. चौकावर उघडणाऱ्या २३७ बाल्कन्या आहेत.

पण या बाल्कन्यांनी काय काय पाहिलं! इथं राजांचे सोहळे झाले, बैलांच्या झुंजी झाल्या, माणसांना देहदंड दिले गेले. १६८० मध्ये इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, मोठा जाहीर निवाडा इथं झाला. त्या दिवसाचं फ्रान्सिस्को रिसी यानं काढलेलं भलंमोठं चित्र प्रादो संग्रहालयात आहे. ज्यांच्यावर निवाडा होता त्यांतल्या बहुतेकांवर गुपचूप यहुदी धर्म पाळल्याचा आरोप होता. हजारो लोक आपल्या घराच्या बाल्कनीतून, भाड्यानं घेतलेल्या खिडकीतून ते पाहत होते.

चौकाच्या मधोमध घोड्यावर बसलेला फेलिपे तिसरा आहे. पुतळा १६१६ चा, पण तो इथं आणला १८४८ मध्ये. हाच तो राजा, ज्याच्या हुकमानं १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को लोकांना स्पेनमधून हाकललं गेलं. मोरिस्को म्हणजे जबरदस्तीनं ख्रिस्ती करवलेल्या मुसलमानांचे वंशज. सुमारे ३ लाख माणसं घरदार सोडून जहाजांत बसली आणि बहुतेक उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. या घोड्याविषयी माद्रिदकर एक गोष्ट सांगतात. घोड्याचं तोंड उघडं होतं आणि पोट पोकळ. चिमण्या तोंडातून आत शिरायच्या आणि त्यांना बाहेर पडता यायचं नाही. १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा लोकांनी पुतळा फोडला, आणि आतून चिमण्यांची हाडं बाहेर पडली. दुरुस्ती करताना घोड्याचं तोंड बंद केलं गेलं.

पुतळ्याच्या आसपास दिव्यांचे मोठे खांब आहेत आणि त्यांच्याभोवती गोल बाक. बाकांच्या पाठीवर चौकाच्या इतिहासातले प्रसंग धातूत उठवलेले आहेत. एका संध्याकाळी आम्ही अशाच बाकावर बसलो होतो. समोर एक मोरोक्कन कुटुंब आलं. आईनं डब्यातून काहीतरी काढून मुलांना भरवलं, वडील बाळाला खांद्यावर घेऊन पुतळ्याभोवती चकरा मारत राहिले. वर तो राजा, खाली हे कुटुंब. कुणीही कुणाला उठवलं नाही. चौक फक्त दगडाचा असतो, त्याला चांगलं-वाईट कळत नाही. तिथं माणसं जमवून काय करायचं, हे त्या त्या काळचे लोक ठरवतात. याच दगडांवर कधी शिक्षा पाहायला गर्दी झाली, आज मुलाला भरवायला आई येऊन बसते. आजचा दिवस कुणीतरी मेहनतीनं आणलेला आहे, हे विसरू नये.

मेहनतीचा हा भाग आपल्या विशेष कामाचा आहे. माद्रिदमध्ये मोकळ्या जागा मुबलक होत्या असं कुणी समजू नये. जुनं गाव दाट होतं, मोठमोठे मठ आणि त्यांच्या भिंती यांनी भरलेलं. नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्त १८०८ ते १८१३ या काळात स्पेनच्या गादीवर होता. परक्या फौजेच्या बळावर आलेला राजा, लोकांना नकोसा. पण त्यानं दाट वस्तीतले मठ आणि घरं पाडून जागा मोकळ्या करायला घेतल्या, इतक्या की लोकांनी चिडवायला त्याचं नाव 'चौकांचा राजा' ठेवलं. आज नाटकगृहामुळे प्रसिद्ध असलेला प्लाझा दे सांता आना हा १८१० मध्ये पाडलेल्या मठाच्या जागी आहे. राजवाड्यासमोरचा देखणा प्लाझा दे ओरिएन्तेही त्याच्या पाडकामातून सुरू झाला आणि पूर्ण झाला पुढं राणी इसाबेल दुसरीच्या काळात. टोमणा मारणारे गेले. त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांना सावली मिळाली.

मग विसाव्या शतकात मोटारी आल्या. प्लाझा मायोरमधून एकेकाळी ट्राम धावायची, नंतर तिथं गाड्या उभ्या राहायच्या. जमिनीखाली वाहनतळ करून वरचा चौक पायी चालणाऱ्यांना परत दिला गेला. उत्तरेकडच्या चांबेरी भागातल्या प्लाझा दे ओलाविदेची कहाणी वेगळी. तिथं १९३४ मध्ये बांधलेली अष्टकोनी मंडईची इमारत होती, वास्तुकलेचा नामांकित नमुना. १९७४ मध्ये ती सुरुंग लावून पाडली. त्याची हळहळ जाणकारांना अजून आहे, आणि ती रास्त आहे. त्या जागी आज गोल बाग आहे, मुलांची खेळणी आहेत, भोवती बाक आहेत. मोठा प्लाझा दे एस्पान्या दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये पुन्हा उघडला तेव्हा गाड्यांची बरीच वर्दळ जमिनीखाली वळवलेली होती आणि नवी झाडं लावलेली होती. या सगळ्यांवर पैसा लागला, वाद झाले, वर्षं गेली. चौक आपोआप होत नाही.

सगळेच चौक सारखे सुखाचे आहेत असंही नाही. पुएर्ता देल सोलमध्ये दुपारी उभं राहून पाहा. सगळीकडे दगडी फरशी, झाडाची सावली जवळजवळ नाही. तिथं घड्याळ पाहायचं, फोटो काढायचा आणि निघायचं. अम्मी तिथं पाच मिनिटंही थांबल्या नाहीत. नाव आणि भपका एकीकडे, विसावा दुसरीकडे.

खरा विसावा आम्हांला भाच्याच्या घराजवळ मिळाला, लावापिएसमध्ये. ही वस्ती पूर्वीपासून कष्टकऱ्यांची. आज तिथं बांगलादेशी, मोरोक्कन, सेनेगाली कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. किराणा दुकानांवर बंगाली पाट्या, हलाल मांसाची दुकानं, आणि उतरणीच्या शेवटी तिकोनी आकाराचा प्लाझा. एका संध्याकाळी बाकावर एक तरुण बांगलादेशी बाई आपल्या सासूबाईंना घेऊन बसली होती. आमच्या पेहरावावरून तिनं ओळखलं आणि मोडक्या उर्दूत बोलायला लागली. "आपा, तुम्ही कुठून आलात?" तिचा नवरा हॉटेलात भांडी घासतो, दुपारी जातो तो मध्यरात्री येतो. घर एका खोलीचं, खिडकी आतल्या बोळात उघडणारी. सासूबाई सिल्हेटच्या, उमर सत्तरीची, स्पॅनिशचा एक शब्द येत नाही.

"पहिले आठ महिने अम्मा घराबाहेरच पडल्या नाहीत," ती म्हणाली. "जिने उतरायची भीती. रडायच्या, परत पाठवा म्हणायच्या. मग एक दिवस हात धरून इथं आणून बसवलं. आता असरची नमाज झाली की स्वतःच चपला शोधतात."

आमच्या अम्मी आणि त्या अम्मा शेजारी शेजारी बसल्या. एकीला बंगाली येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, उर्दू दोघींची तोडकीच. पण गुडघ्यावर हात ठेवून एकीनं तोंड वाकडं केलं आणि दुसरीनं मान डोलावली, तिथून जे सुरू झालं ते मगरिबपर्यंत संपेना. औषधं झाली, सुना झाल्या, मासे झाले. शेजारच्या बाकावर एक स्पॅनिश आजीबाई कुत्रा घेऊन बसल्या होत्या. त्या दोघींकडे बघून हसायच्या. नंतर कळलं की त्यांची आणि बांगलादेशी अम्मांची रोजची भेट आहे. बोलणं होत नाही. एखादीचा दिवस चुकला तर दुसरी सुनेला खुणेनं विचारते.

आता त्या बाकाचा हिशोब करू. चौक कोणत्याही शहरात मोकळा राहिला की त्यावर धंद्याची नजर जाते. माद्रिदमध्ये हॉटेलवाले चौकात टेबल-खुर्च्या मांडतात. नगरपालिका त्यासाठी परवाना देते आणि शुल्क घेते. ही तिथली जुनी रीत आहे, लोकांना आवडतेही. पण बाहेरच्या टेबलावर बसून चहा-कॉफी घेतली तर बऱ्याच ठिकाणी आतल्यापेक्षा दर जास्त लागतो. शिवाय अनेक टेबलांवर दारूचे पेले असतात, आपल्या घरच्यांना तिथं बसणं नको वाटतं. २०२० च्या महामारीत हॉटेलं जगावीत म्हणून गाड्या लावायच्या जागेवरही टेबलं मांडायची मुभा मिळाली. साथ गेली, पण टेबलं वाढली ती वाढलीच, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार आहे. रात्री उशिरापर्यंत गोंगाट चालतो आणि वरच्या खोल्यांत कामावर जाणाऱ्यांची झोपमोड होते. दुसरीकडे बाक कमी होतात. काही ठिकाणी लांब बाकाऐवजी एकेकट्या, सुट्या खुर्च्या बसवलेल्या दिसल्या, म्हणजे बेघर माणसाला आडवं पडता येऊ नये. त्या खुर्च्यांवर दोन आजीबाईंना शेजारी बसून एकमेकींच्या गुडघ्यावर हातही ठेवता येत नाही.

टेबल आणि बाक यांत फरक एवढाच की टेबलापाशी बसायला खिशात पैसे लागतात. हॉटेलात भांडी घासणाऱ्याच्या आईला रोज अडीच-तीन युरोची कॉफी परवडत नाही. तिच्यासाठी चौक म्हणजे तो एक बाक. तो गेला तर ती पुन्हा त्या बिनहवेच्या खोलीत जाईल, आणि शहरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. श्रीमंताला विसाव्याच्या दहा जागा असतात. गरीब, म्हातारा, परका आणि लेकुरवाळी यांना एखादीच असते. म्हणून शहर किती पुढारलेलं आहे हे पाहायचं असेल तर त्याच्या उंच इमारती मोजण्याआधी फुकट बसायचे बाक मोजावेत, असं आम्हांला वाटतं.

आपल्या दीनमध्ये वाटेवर बसण्याचे आदाब सांगितलेले आहेत. रस्त्यात बसू नये, आणि बसणं भागच असेल तर रस्त्याचा हक्क द्यावा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आली आहे. नजर खाली ठेवावी, कुणाला त्रास देऊ नये, सलामला उत्तर द्यावं, भल्याची सूचना द्यावी आणि बुऱ्यापासून रोखावं. माद्रिदच्या चौकात बसल्यावर या शिकवणीचा अर्थ आम्हांला अधिक उमगला. सार्वजनिक जागा टिकते ती अशाच वागण्यानं. मुलाचा चेंडू लागला तर आजी रागवत नाही, आणि मूल येऊन माफी मागतं. सुपारीच्या पिचकाऱ्या नाहीत, बायकांवर रोखलेल्या नजरा नाहीत. जिथं नजरा रोखल्या जातात, तिथून बायका आधी उठतात. त्यांच्या मागोमाग मुलं जातात, मग म्हातारे. शेवटी उरतात ती टोळकी, आणि मग लोक म्हणतात की ती जागाच वाईट.

आपल्या मोहल्ल्यांत मोकळी जागा कमी आहे, हे आम्ही जाणतो. पण जी आहे तिचं काय करतो, हेही स्वतःला विचारावं लागेल. नाक्यावरचा कट्टा पुरुषांचा, मैदान मुलग्यांचं, आणि बायकांना म्हणायचं की घरी बसा. घरातल्या अम्मी, दादी, फुफी शेवटचं कधी मोकळ्या हवेत विनाकारण बसल्या होत्या? दवाखाना, लग्न आणि मयत सोडून त्या कधी बाहेर पडल्या? त्यांना हौस नाही, असं आपण समजतो. सिल्हेटच्या त्या अम्मांविषयीही घरातले आठ महिने तेच समजत होते.

काम फार मोठं नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला हात धरून जवळच्या बागेत, तलावाकाठी, जिथं असेल तिथं घेऊन जावं. घाई करू नये. बाक मोडका असेल, नळाला पाणी नसेल, दिवा बंद असेल तर चार घरांनी मिळून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आहे त्या जागेवर गाड्या लावायला सुरुवात होत असेल तर पहिल्याच दिवशी बोलावं, कारण महिन्यानंतर कुणी ऐकत नाही. आणि आपल्या मुलग्यांना कट्ट्यावर बसण्याचे आदाब शिकवावेत, म्हणजे तिथं त्यांच्या बहिणीही निर्धास्त बसू शकतील.

आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात म्हातारी माणसं आणि बायका संध्याकाळी कुठं बसतात, ते आम्हांला जरूर लिहून कळवा. अशी जागा असेल तर ती कुणी राखली, तेही लिहा. नसेल तर पूर्वी होती का, आणि तिचं काय झालं, हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून लिहा. निवडक पत्रांचा विचार आपण याच सदरात करू.